लेप्टॉनला वाढलेलं पान

शनिवारी सकाळी डॉ. केळुसकर फरसबी निवडत होते. प्रयोगशाळेतून फोन आला, की ज्याच्या शोधात त्यांची सगळी कारकीर्द खर्ची पडली तो लेप्टॉन नावाचा जड, उदासीन कण त्यांच्याच घरी, जेवणाच्या टेबलापाशी बसलेला आहे.

"हो," केळुसकर म्हणाले. "दिवाळीपासून. झाडताना खुर्ची जड लागते."

"कुठली खुर्ची, सर?" दमयंती ठोसरनं विचारलं. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता विभागप्रमुख.

"खिडकीकडची. मालतीची."

केळुसकरांच्या पत्नी मालतीकाकू दिवाळीच्या आधीच गेल्या होत्या.

"मग कळवायचं नाही का?"

"तो कोणाशी बोलत नाही. मला वाटलं, तिच्या माहेरचा कुणी असेल."

कण फुटल्याशिवाय तो सापडला असं शास्त्रात धरत नाहीत. फुटला की त्याचे हलके तुकडे निरनिराळ्या दिशांना जातात, त्यांच्या वाटा यंत्रात उमटतात आणि जागा रिकामी होते. हे दमयंतीला केळुसकरांनीच शिकवलं होतं. तेव्हा यंत्र लावून खुर्ची हलवायची, म्हणजे धक्क्यानं कण फुटेल, असं ठरलं.

दुपारी दमयंती आणि इंजिनिअर जहागीरदार आले. यंत्र खाली गाडीत होतं.

"आधी जेवून घ्या," केळुसकर म्हणाले. त्यांनी चार पानं वाढली. पहिलं खिडकीकडे.

"सर, तो कशालाच हात लावत नाही. म्हणून तर उदासीन," जहागीरदार म्हणाला.

"आमचे जावईही तसेच आहेत. त्यांनाही वाढतोच."

जेवणं झाली. जहागीरदार उठायला लागला तशी दमयंतीनं डोळे वटारले. "पाहुण्यांचं व्हायचंय अजून."

पाहुणा पानावर असताना आपण उठायचं नाही, एवढं वळण दोघांनाही होतं. पाहुण्यानं वरणभात कालवलासुद्धा नव्हता. पण 'पुरे' असंही तो म्हणाला नव्हता, म्हणून केळुसकरांनी बसल्या बसल्या त्याला आणखी तूप वाढलं.

तिघं हात वाळवत बसले.

"सर, शोध जाहीर झाला की पहिलं नाव तुमचं," दमयंती हळूच म्हणाली.

"असेल."

"मुद्दाम वाढलंत ना त्याला?"

"मग काय उपाशी बसवू?"

दमयंतीनं खिडकीकडच्या खुर्चीकडे पाहिलं. मग आपली वाटी पुढे केली. "ताक द्या थोडं."

दिवेलागणीला गप्पा मालतीकाकूंच्या आमटीवर आल्या होत्या. पाहुण्याचं जेवण चालूच होतं. यंत्र वर आणायचं राहिलं.