शर्वरीला पक्कड देऊ नये

“नवी सून कानानं अधू आहे,” असं आमच्या घरच्या ताटातला एक शेवाळी अकीक शेजारच्या स्फटिकाला म्हणाला, तेव्हा मी दाराआड धुतलेला सदरा झटकत उभी होते आणि मला ते स्वच्छ ऐकू आलं.

खडे बोलतात, यात सांगण्यासारखं काही नाही. नदीतून आणलेला दगड मुका असतो. घासून त्याच्यावर जिलई चढली की त्याला वाचा फुटते, आणि मग तो थांबत नाही. माझ्या वडिलांकडेही खडे तारेत बसवायचं हेच काम होतं. बारीक तोंडाची पक्कड मी नववीत असताना हातात धरली, आणि लग्नात भांड्यांच्या आधी तीच पिशवीत टाकली.

काम साधं आहे. भोक पाडायचं नाही, डिंक लावायचा नाही. तार घ्यायची, खड्याच्या कमरेला दोन वेढे द्यायचे, पाठीमागून एक आडवा, वर गळ्यात अडकवायला कडी. तार हळूहळू आवळत न्यायची आणि खडा ‘पुरे’ म्हणाला की हात थांबवायचा. एक पीळ जास्त झाला की खडा तडकतो, कमी झाला की घालणारीच्या गळ्यातून पडतो. सगळी कारागिरी या ‘पुरे’वर उभी आहे. म्हणून बसवणाऱ्या बाईला बहिरी म्हणणं ही चेष्टा नव्हे. तिच्या हातातून पक्कड काढून घेण्याची ती पहिली पायरी आहे.

“कशावरून म्हणतोस?” स्फटिकानं विचारलं.

“परवा मोठ्या बाईंनी चार हाका मारल्या. मान म्हणून वळवली नाही पोरीनं. उद्या मी ‘पुरे’ म्हणतोय आणि ही आवळतेच आहे, असं झालं तर? माझ्या पोटात आधीच एक रेघ आहे.”

चार हाका मारल्या हे खरं होतं. सासूबाईंनी त्या ‘शर्वरी’ अशा मारल्या होत्या.

लक्ष्मीपूजनाच्या वेळी माझ्या नवऱ्यानं, शार्दूलनं, ताटातल्या तांदळात अंगठीनं हे नाव काढलं. शार्दूलला जुळावं म्हणून ते सासूबाईंनी निवडलं होतं. माझं आधीचं नाव त्यांना ‘जरा शेताकडचं’ वाटलं. टाळ्या झाल्या, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी ते तांदूळ भाताला लावले. वरणाबरोबर सगळ्यांनी खाल्ला तो भात. मीही दोन घास खाल्ले. वेगळी चव काही लागली नाही.

आता या घरचा रिवाज ऐका. खड्याला विचारल्याशिवाय त्याला तार लावत नाहीत. तांब्याची की चांदीची? उभं बसायचं की आडवं? पाठ झाकायची की उघडी ठेवायची? तीन प्रश्न, तिन्हींना स्पष्ट उत्तर, आणि वर आठ दिवस मन बदलण्याची मुभा. गेल्या महिन्यात एका तांबूस अकीकानं तीनदा मन बदललं. सासूबाईंनी तिन्ही वेळा तार उलगडली आणि म्हणाल्या, “बाळा, सावकाश ठरव. घाई नाही.” बोराएवढा दगड तो! मला तांदळाचं ताट दाखवलं तेव्हा अंगठी फिरवून झाली होती.

तरी मी काही बोलले नाही. सासरी आल्यापासून ‘हो’, ‘नाही’ आणि ‘वाढू का’ एवढंच मी बोलत आले होते.

अकीकानं रीतसर तक्रार केली. अशा तक्रारींचा निवाडा थोरले करतात. थोरले म्हणजे मुठीएवढा एक धुरकट अकीक. त्यांना चाळीस वर्षांत एकही तार पसंत पडलेली नाही, त्यामुळे ते कपाटावर लाल कापडावर बसून इतरांचे प्रश्न सोडवतात. त्यांचा शब्द सासूबाई तक्रारवहीत लिहितात, आणि वहीत एकदा लिहिलं की खाडाखोड चालत नाही. तो नियमही थोरल्यांचाच.

गुरुवारी दुपारची जेवणं आटोपल्यावर चौकशी भरली. मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. माझी पक्कड सासूबाईंनी ताटाशेजारी ठेवली होती.

“शर्वरी,” थोरले कपाटावरून म्हणाले.

मी वाट पाहत राहिले.

“शर्वरी!”

खरं सांगते, मीही कान देऊन होते, शर्वरी वळते का ते बघायला.

“शर्वरी, अगं ए शर्वरी!” तिसऱ्यांदा सासूबाईच ओरडल्या.

“झालं,” शेवाळी अकीक ताटातून म्हणाला. “आणखी काय पुरावा पाहिजे?”

तेवढ्यात दोन गल्ल्या पलीकडे भाजीवाली ओरडली. सासूबाईंना ऐकू आलं नाही. “मेथी आलीय,” मी म्हणाले. “घ्यायची का?”

सासूबाई उंबऱ्यापर्यंत जाऊन ऐकून आल्या.

“म्हणजे ऐकू येतं,” थोरले म्हणाले.

“हो,” मी म्हणाले.

“मग तर जास्तच वाईट,” स्फटिक म्हणाला. “ऐकू येऊन वळत नाही, याला उर्मटपणा म्हणतात. आमच्याकडे नाही चालत.”

“तसं नाही हो,” शार्दूल मध्ये पडला. “नवीन आहे ती. रुळेल हळूहळू.”

“रुळेपर्यंत कुणाला तडकवायचं, त्याची यादी करून ठेवा,” अकीक म्हणाला. “माझं नाव घालू नका तेवढं.”

“अगं, ऐकू येतं तर वळत का नाहीस?” सासूबाईंनी मला विचारलं. त्या खरोखरच गोंधळल्या होत्या. “एवढं गोड नाव ठेवलंय. माझ्या बहिणीला विचार, किती पुस्तकं चाळली आम्ही.”

मी भिंतीकडे तोंड करूनच ऐकलं. चांगली बाई आहे. तांबूस अकीकाला तीनदा विचारणारी. मला एकदाही विचारलं नव्हतं, हे तिच्या ध्यानातच आलेलं नव्हतं.

थोरल्यांनी घसा साफ केला. दगडाचा घसा साफ व्हायला बराच वेळ लागतो.

“निवाडा लिहा. बसवणाऱ्या बाईनं हाकेसरशी थांबलं पाहिजे. ही हाकेला वळत नाही, म्हणून थांबेल याची खात्री नाही. आजपासून हिनं चाळणीवर बसावं. नदीचे दगड निवडावेत. ते बोलत नाहीत, त्यामुळे तक्रारीचा प्रश्न येणार नाही.”

“चाळणीचं कामही काही वाईट नाही गं,” शार्दूल हळूच म्हणाला. “शांत असतं.”

शांत असतं म्हणे! नववीपासून माझ्या बोटांना प्रत्येक खड्याचा ‘पुरे’ त्याच्या तोंडून निघायच्या आधी अर्ध्या क्षणानं कळतो, आणि मी आयुष्यभर मुके दगड निवडायचे, कारण यांना पुस्तकात एक गोड नाव सापडलं.

सासूबाईंनी वही उघडली. त्यांचं अक्षर सुंदर आहे. लिहून झाल्यावर त्यांनी खाली तारीख घातली, सही केली आणि पद्धतीप्रमाणे सगळ्यांना वाचून दाखवलं: “शर्वरीला पक्कड देऊ नये.”

“मंजूर?” थोरल्यांनी विचारलं.

“मंजूर,” सगळं ताट म्हणालं.

“आता यात फेरफार नाही?” मी विचारलं.

“नाही,” थोरले म्हणाले. “लिहिलं ते लिहिलं. जसं लिहिलंय तसंच पाळायचं.”

तेव्हा मी भिंतीकडचं तोंड फिरवलं. ताटाजवळ येऊन बसले, पदर खोचला, आणि माझी पक्कड उचलली. सासूबाई “अगं, अगं” म्हणाल्या, पण वहीकडे नजर गेली तशा थांबल्या. शेवाळी अकीकाला मी तळहातावर घेतलं. पोटातली रेघ उजेडाकडे धरून नीट पाहून घेतली. तार तिच्यापासून लांब न्यायला हवी होती. मग मी बोलले. सासूबाईंना, शार्दूलला, कपाटावर आणि ताटात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

“शर्वरीला अजिबात देऊ नका, माझी काही हरकत नाही. तिला तर मीही अजून भेटलेले नाही. मी हौसा. हौसा म्हणून हाक मारा, पहिल्या हाकेला वळेन. आणि तुम्ही सांगा हो अकीकराव, घाई नाही: तांब्याची तार की चांदीची?”