एसीच्या पाण्याची सहकारी संस्था

बंकटनं उमेदीची सगळी वर्षं बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातल्या एका उपसा सिंचन सहकारी संस्थेचा सचिव म्हणून काढली. संस्थेकडं कशाची कमी नव्हती. चेअरमन होते, संचालक मंडळ होतं, मोटारी होत्या, वार्षिक सभेला जिलेबी होती. उपसायला पाणी तेवढं नव्हतं. सलग दुसऱ्या साली पाऊस फिरकला नाही, तेव्हा नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळायला लागली, मोटारींच्या खोलीत आग्या मोहोळ बसलं आणि चेअरमन आबासाहेबांनी बंकटला घरी बोलावून चहा पाजला. (आबासाहेब चहा पाजायचे तेव्हा काहीतरी जायचंच. या वेळी नोकरी गेली.)

बंकटचा मेव्हणा गहिनीनाथ शारजात कांदा-बटाट्याच्या एका गोदामात गाडी चालवायचा. त्यानं तिथल्या मुकादमाच्या कानावर घातलं आणि बंकटला तिथं स्टोअरकीपर म्हणून चिकटवून दिलं. विमानतळावर घ्यायला आला तेव्हाच त्यानं बजावलं, "दाजी, एक ध्यानात ठेवा. इथं पेट्रोल स्वस्त अन् पाणी महाग."

हे वाक्य बंकटनं काळजावर कोरून घेतलं. तिथंच सगळं बिघडलं.

वर्षभर तो पोरांच्या खोलीत, वरच्या बंकावर झोपला आणि खुबूस, म्हणजे तिथली विकतची रोटी, चावत राहिला. मग, लातूरला रेल्वेनं पाणी आणलं त्या उन्हाळ्यात, त्यानं हिय्या करून एका जुन्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर एका खोलीचा फ्लॅट घेतला आणि बायकोला, शिवकन्येला, बोलावून घेतलं. शिवकन्या आली ती पोळपाट, काळं तिखट आणि बाजरीचं पीठ घेऊन. घरात भाकरीचा वास सुटला आणि बंकटला आपण माणसात आल्यासारखं वाटलं.

पण अर्धा पगार भाड्यातच जायचा, आणि उरलेल्या अर्ध्याला बंकट अठरानं गुणायचा. त्या साली एका दिरहामाचे साधारण तेवढे रुपये व्हायचे. दुकानात तो कोथिंबिरीची जुडी उचलायचा, डोळे मिटून अठरानं गुणायचा आणि इंगळी चावल्यासारखी जुडी परत ठेवायचा. कटिंगला गुणल्यापासून त्यानं केस वाढवले होते. मागून बघणाऱ्याला तो एखादा नाटकातला नट वाटायचा.

"आवं, कमवायलाव दिरहामात अन् खायलाव रुपयात. असं कावून?" शिवकन्या विचारायची.

"तुला न्हाई कळायचं. खर्च असाच ऱ्हायला तर दिवाळीला तुला गावाकडं सोडावं लागंल."

शिवकन्येसाठी गावाकडं म्हणजे सासूबाई छबुबाईंबरोबर टँकरच्या पाइपाखाली घागर धरून उभं राहायचं. आणि बंकटसाठी गावाकडं म्हणजे पुन्हा तो बंक आणि पुन्हा ते खुबूस. तिनं जावं असं त्याला अजिबात वाटत नव्हतं. पण तू इथंच राहा, असं बायकोला तोंडावर सांगायची पद्धत त्यांच्या घराण्यात कुणी पाडलेली नव्हती. त्यामुळं तो पुन्हा कोथिंबिरीकडं वळायचा.

अशात एका शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, बंकट बाल्कनीत दात घासत उभा होता. बाहेर हवा भट्टीसारखी आणि वर दमट. एसीच्या नळीतून टप टप पाणी गळत होतं आणि फरशीतल्या जाळीतून वाहून जात होतं. बीडच्या माणसाला वाया जाणारं पाणी बघवत नाही. बंकटनं ब्रश तोंडात तसाच ठेवून आतून बादली आणली आणि नळीखाली लावली.

निर्णय एवढाच होता. दुपारपर्यंत बादली भरली. बंकटनं तीत बोट बुडवून बघितलं. गार, स्वच्छ, नितळ. आणि फुकट!

"शिवकन्ये, यंदापासून फरशी, संडास, धुणं, सगळं ह्याच पाण्यावर!"

"यंदापासून?" शिवकन्या म्हणाली. "आपण काय शेत पेरायलाव?"

आता आधीचा नियम असा होता की एसी फक्त झोपताना लावायचा. वीज वाचवायची होती. पण एसी बंद केला की पाणी बंद व्हायचं, आणि चालू पाणी बंद करणं बंकटच्या हातून होईना. म्हणून एसी दिवसभर चालू राहिला. मग त्याला शोध लागला की एसी जितका गार, तितकं पाणी जास्त. त्यानं रिमोटवरचा आकडा खाली खाली आणला, आणखी खाली जाईना तेव्हाच सोडला. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत नवरा-बायको स्वेटर घालून, एका गोधडीत बसून चहा पीत होते.

"आवं, माजे दात वाजायलेत," शिवकन्या म्हणायची.

"वाजू दे. पाणी बघ, पाणी!"

बादलीचा टब झाला, टबाचा निळा ड्रम झाला. शेजारच्या फ्लॅटमध्ये साराम्मा नावाची मलबारी नर्स राहायची. बंकटनं तिच्याही एसीला नळी जोडून आपल्या ड्रमात सोडली. दोन फ्लॅटचं पाणी एका ड्रमात आल्यावर बंकटमधला सचिव जागा झाला. त्यानं साराम्माला सभासद करून घेतलं आणि स्वतःला एकमतानं चेअरमन निवडलं. साराम्माला रात्रपाळीची झोप येत होती. तिनं हात जोडून सगळ्याला मान्यता दिली आणि दार लावून घेतलं. (आबासाहेबांच्या सभाही याहून वेगळ्या नसायच्या.)

पुढं बंकटच्या मनात आलं की ड्रम उंचावर ठेवला तर तोटीला जोर येईल. उपशाचं काम आयुष्यभर केलेला माणूस तो. पाणी उचलायची हौस आता पुरी होत होती. गोदामातून टाकून दिलेल्या लाकडी फळ्या आणून त्यानं बाल्कनीत कठड्याएवढी घोडी उभी केली आणि तिच्यावर ड्रम चढवला. सांडलेला थेंबही जाऊ नये म्हणून जाळीत जुनं बनियन कोंबलं.

"हे पडंल," शिवकन्या म्हणाली.

"मी संस्थेच्या टाक्या बांधल्यात."

"त्यात पाणी कुठं होतं?"

बंकटनं डबा उचलला आणि तो कामावर गेला.

दुपारी तो गोदामात बटाट्याची पोती मोजत होता. मॅनेजर हमदी साहेबांच्या केबिनमध्ये फोन वाजला. साहेब मिसरचे, म्हणजे इजिप्तचे. दांडगा माणूस, हसला तरी भांडतोय असं वाटायचं. ते फोनवर अरबीत गरजले, टेबलावर हात आपटला आणि बाहेर येऊन हिंदीत म्हणाले, "हमारा घर, ऊपर से पानी! पूरा कार्पेट खलास! ऊपर कोई पागल रहता! बंकट, तुम अच्छा आदमी. गाड़ी में जाओ, मादाम को मदद करो."

"जी साहब." बंकटला त्या वरच्या पागल माणसाचा मनापासून राग आला. फडकी आणि बादल्या घेऊन तो गाडीत बसला. साहेबांनी मोबाइलवर पाठवलेला नकाशा बघत गाडी गहिनीनाथच चालवत होता.

"लोकांना पाण्याची किंमतच न्हाई," बंकट म्हणाला.

"हां ना दाजी."

गाडी ओळखीच्या चौकातून वळली. मग ओळखीच्या गल्लीत शिरली. मग ओळखीच्या बिल्डिंगसमोर थांबली. गहिनीनाथनं बंकटकडं बघितलं, बंकटनं वर बघितलं. चौथ्या मजल्यावर घोडी मोडून लटकत होती, निळा ड्रम कठड्यावर पालथा पडला होता आणि पाणी तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत अजून ठिबकत होतं.

"दाजी," गहिनीनाथ हळूच म्हणाला, "नोकरी मी लावलती, हे साहेबाला सांगू नका."

एवढे महिने आपल्या पायाखाली साहेब राहतात हे बंकटला माहीत नव्हतं, आणि आपल्या डोक्यावर कोण राहतं हे साहेबांना माहीत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. मादाम सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. बाल्कनीच्या उघड्या दारातून लोंढा आत शिरून खाली लाल गालिचा भिजून चिंब झाला होता, खिडकीचा रेशमी पडदा पाण्याच्या भारानं दांडीतून उसवून लोंबत होता. बिल्डिंगचा चौकीदार खानबाबा मधोमध उभा होता. पठाण माणूस, तीस वर्षं शारजात काढलेली. मादामची अरबी तो उर्दूत करायचा आणि इतरांची उर्दू अरबीत. आमच्या भागातल्या माणसाला उर्दू समजायला अडचण नसतेच, आणि मराठी भाडेकरूंमुळं खानबाबालाही आमची भाषा कळायची.

खानबाबानं बंकटला बघितलं आणि तोंड उघडलं. बंकटनं घाईघाईनं हात जोडले, डोळ्यांनी पाया पडला. खानबाबानं तोंड मिटलं आणि मिशीत हसला.

बंकट खाली बसून स्वतःच्याच संस्थेचं पाणी फडक्यानं टिपायला लागला. तेवढ्यात दारात शिवकन्या आली, पदर खोचलेला, चेहरा पडलेला. ती माफी मागायला आली होती. फरशीवर रांगणारा माणूस तिनं बघितला.

"आवं, तुमी इथं काय करायलाव?"

बंकटनं ओठांवर बोट ठेवलं आणि भिंतीवरच्या हमदी साहेबांच्या फोटोकडं बोट दाखवलं. नवऱ्याच्या मोबाइलवर बघितलेला साहेबांचा चेहरा शिवकन्येनं ओळखला, नवरा बघितला, आणि तिला सगळं कळलं. (हा गुण तिच्यात पहिल्यापासून आहे. बंकटला गोष्ट समजायला नेहमी ड्रम पडावा लागतो.)

मादामनी काहीतरी विचारलं. खानबाबा म्हणाला, "पूछ रही हैं, इस आदमी को जानती हो?"

"न्हाई बा," शिवकन्या म्हणाली. "कोण हाय कुणास ठाऊक. पर हात बरा चालायलाय."

मग तिनं मादामसमोर हात जोडून सांगितलं की चूक आमच्या घरातली, नवऱ्यानं पाणी वाचवायला ड्रम ठेवला होता. खानबाबानं हे अरबीत केलं. मादाम गोंधळल्या आणि बरंच बोलल्या. खानबाबानं बंकटकडं न बघता त्याचं उर्दूत केलं, "पूछ रही हैं, पानी बचाया क्यों? इस बिल्डिंग में पानी तो किराए में है. पाँच आदमी नहाओ, पचास नहाओ, पैसा वही."

फरशीवरचं फडकं जागीच थांबलं.

"किराए में?" बंकट न राहवून म्हणाला.

"तू पोंछ," खानबाबा म्हणाला.

शिवकन्येनं नवऱ्याकडं असं बघितलं की एसी नसतानाही त्याला थंडी वाजली. मग ती लोंबणाऱ्या पडद्याकडं गेली. केजला बचत गटात ती शिवण शिकली होती. कोपऱ्यात मादामचं शिवणयंत्र होतं, त्याच्यावर फुलदाणी ठेवलेली. तिनं खुणेनं विचारलं, फुलदाणी उतरवली आणि पडदा पिळून, वाळवून, संध्याकाळपर्यंत असा शिवून दिला की मादामनी उसवलेला भाग हातानं शोधला आणि सापडेना तेव्हा शिवकन्येचा गाल धरला. पुढच्या आठवड्यात मादामच्या बहिणीचे पडदे आले. मग साराम्माचे युनिफॉर्म, मग तिच्या दवाखान्यातल्या इतर नर्सांचे. फुलदाणी खाली राहिली आणि शिवणयंत्र वर चौथ्या मजल्यावर आलं.

महिनाअखेरीला विजेचं बिल आलं. बंकटनं ते अठरानं गुणलं नाही. छातीच झाली नाही. शिवकन्येनं शिवणाच्या कमाईच्या डब्यातून पैसे काढून त्याच्या हातात ठेवले.

"मंग," ती सुईत दोरा ओवत म्हणाली, "दिवाळीला गावाकडं जायचंच म्हणता?"

बंकटनं बिलाची घडी घालून खिशात ठेवली. मग घसा खाकरून म्हणाला, "तू ऱ्हा. भाकरी चांगली होती इथं."

त्यांच्या घराण्यात एवढं बोलणं म्हणजे फार झालं. शिवकन्येनं मान वर केली नाही, पण त्या दिवशी वांग्याच्या भाजीत तेल जरा जास्त होतं.

हमदी साहेबांना आजतागायत काही कळलेलं नाही. बंकट सकाळी साहेबांच्या आधी निघतो आणि लिफ्टऐवजी जिन्यानं उतरतो. पण बकरी ईद आली तशी साहेबांनी त्याला गोदामातून पुन्हा बोलावलं. "बंकट, मादाम बोलती, वो अच्छा आदमी भेजो. घर साफ करना."

बंकट पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेला. मादामनी त्याला स्टुलावर चढवून पंखा पुसायला लावला. शिवकन्या नवे पडदे टांगायला आली होती, खानबाबा चहा पीत होता. मादाम बंकटकडं कौतुकानं बघत काहीतरी म्हणाल्या. खानबाबानं कप खाली ठेवला.

"बोल रही हैं, कितना मेहनती आदमी है. कह रही हैं, बहन, तुमको ऐसा शौहर मिलना चाहिए था. वो ऊपरवाला पागल नहीं."

शिवकन्येनं स्टुलावरच्या माणसाला खालून वर निरखून बघितलं, पायांपासून केसांपर्यंत.

"मादामला सांगा," ती म्हणाली, "माजा नवरा येडा असंल. पर ह्याच्यापेक्षा लाख पटीनं बरा हाय."

बंकटचा फडक्याचा हात पंख्यावर थबकला. ही आपली तारीफ झाली की अब्रू गेली, हे त्याला काही केल्या ठरवता येईना. तो विचारच करत होता, तेवढ्यात खालून शिवकन्येचा आवाज आला.

"ओ भाऊ, त्या कोपऱ्यातली जळमटं ऱ्हायलीत बघा."