मयत गव्याच्या पायातला काटा

एका जंगलात, बाळांनो, एक दवाखाना होता. तिथे साळिंदर वैद्य पेशंट बघायचे. स्वतः अंगभर काटे वागवायचे, पण दुसऱ्याच्या पायातला काटा अगदी अलगद काढायचे.

त्या जंगलाची एक रीत होती. आपलं दुखणं आधी सांगायचं नाही, तो आगाऊपणा. आधी आजोबांचं, मग आत्याचं, सगळ्यात शेवटी आपलं. वैद्यबुवा निमूट ऐकत आणि मग विचारत, "बरं, आणि तुझं काय?" खरा उपचार तिथून सुरू व्हायचा.

पुढे सिंहमहाराजांना सुधारणेची हौस आली. त्यांनी दवाखान्यात यंत्र बसवलं. पेशंट बोलेल ते यंत्र ऐकणार, समजून घेणार आणि केस आपोआप लिहिणार. वैद्यबुवांनी फक्त पडदा बघायचा. प्रश्न विचारायला सक्त मनाई, कारण त्यानं म्हणे यंत्राची समाधी भंगते.

एके दिवशी दौलू गवा लंगडत आला. खुरात बाभळीचा काटा रुतला होता. परवा त्याचा कळप डोंगरापलीकडच्या तळ्यावर निघणार होता. पाय बरा झाला नाही तर वाळल्या रानात तो एकटाच मागे राहणार. जिवाला घोर लागला होता, तरी बिचारा रीत विसरला नाही. आजोबा आंधळे झाले, आत्याची तीन बाळंतपणं अडली, वडील गेल्या वर्षी कड्यावरून पडून वारले, सगळं सांगितलं. तो काट्यावर येईपर्यंत यंत्रानं केस पूर्ण करून टाकली.

पडद्यावर उमटलं: अंध. तीन अवघड बाळंतपणं. गेल्या वर्षी कड्यावरून पडून मयत.

वैद्यबुवांनी पडदा वाचला, मग पाय बघितला.

"काटा दिसतोय मला," ते हळूच म्हणाले. "पण मयताला औषध द्यायचा नियम नाही."

"वैद्यबुवा, मी चालत आलोय की."

"ते केसमध्ये नाही रे बाबा."

त्यांना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. जुना प्रश्न अगदी ओठावर आला होता. पण नोकरी होती, त्यांनी तो गिळला.

दुसऱ्या दिवशी दौलू शहाणा होऊन आला. मेलेल्यांचं त्यानं नावच काढलं नाही. पलीकडच्या रानातल्या चुलतभावाला साधी शिंकसुद्धा येत नाही, एवढंच आधी सांगितलं. यंत्रानं लगेच लिहिलं: जिवंत. ठणठणीत. तक्रार नाही. घरी सोडावे.

जंगलभर डंका पिटला गेला. मेलेला गवा एका दिवसात उठला, तोही कुणी हात न लावता. तिसऱ्या दिवशी दरबार भरला. वैद्यबुवांना शाल-श्रीफळ मिळालं, दौलूच्या गळ्यात हार पडला आणि त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं.

दौलूनं डोंगराकडे बघितलं. कळपाची धूळ पार खिंडीपर्यंत पोचली होती.

"माझ्या पायात काटा आहे," तो म्हणाला.

जन्मात पहिल्यांदा त्यानं स्वतःपासून सुरुवात केली होती. दरबारातली जाणती मंडळी नाराज झाली. आत्याची साधी विचारपूस नाही, किती उद्धट झालाय हा, असं सगळ्यांचं मत पडलं.

तात्पर्य: निरोगी राहायचं असेल तर नातेवाईक पारखून निवडावेत. पायातला काटा ही ज्याची त्याची खासगी बाब आहे.