चार पोती झाकणं

हे सगळं तुम्ही केलंत. हो, तुम्हीच. मोबाईलच्या पडद्यावर हाताची घडी घालून उभे राहता, मागे कोणाची तरी काचेची इमारत असते आणि खाली ‘उद्योगगुरू’ असं लिहिलेलं असतं, तेच तुम्ही. एक स्टोअरकीपर होता. पंप बनवणाऱ्या कारखान्यात, नाकासमोर चालणारा. कोणत्या खोक्यात कोणत्या मापाचा नट आहे हे झोपेतून उठवलं तरी सांगेल असा. त्याला तुम्ही फुकटच्या ऑनलाइन वर्गात बसवलंत आणि विचारलंत, “किती दिवस दुसऱ्याचे नटबोल्ट मोजणार?” झालं. त्या दिवसापासून त्याला घास गोड लागेना.

मग तुम्ही उपायही सांगितलात. सगळ्यांना सगळं विकायला जाऊ नका. आपलं नीश शोधा.

“नीश म्हणजे काय हो?” बायकोने विचारलं. ती दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायची, त्यामुळे समोरच्याला एका वाक्यात खाली बसवायची तिला सवय होती.

“म्हणजे बाजाराचा एक कोपरा. अख्ख्या बाजारात हिंडायचं नाही. एक बारीकसा कोपरा धरायचा आणि तिथेच उभं राहायचं.”

“शाळेत बाई उभं करायच्या तसं?”

“तुला थट्टाच सुचते.”

“कोपऱ्यात उभं राहायला कारखाना सोडावा लागत नाही ना, तेवढं सांगा.”

“छे! रजा टाकलीये महिन्याची.”

रजा नव्हती. राजीनामा होता. परतीचे दोर कापल्याशिवाय माणूस लढत नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात. तो दोर कापायला गेला, तर साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. “हे बघा, मी हा खणात ठेवतो. पहिल्या तारखेला सकाळी वर पाठवीन. तोवर डोकं ठिकाणावर आलं तर फोन करा,” ते म्हणाले. म्हणजे महिनाभरात धंदा उभा राहायला हवा. नाही राहिला तर नोकरी गेली, आणि बायकोला तोंड कोणतं दाखवायचं? तो खण आठवला की तो कॅलेंडरवरची तारीख बघायला धावायचा. आणि तो दर अर्ध्या तासाने आठवायचा.

नीश काही सापडेना. त्याने तुमच्या ग्रुपवर लिहिलं, ‘घरगुती वस्तू’. तुमचं उत्तर आलं, ‘फार मोठं. बारीक करा.’ त्याने लिहिलं, ‘स्वयंपाकघरातल्या वस्तू’. ‘अजून बारीक.’ ‘डबे’. ‘अजून!’ आता डब्याहून बारीक काय असतं? मग तुम्ही तो मंत्र दिलात: ‘स्वतःच्या घरात बघा. जिथे घरच्यांची अडचण, तिथेच तुमचं नीश!’

तो तडक स्वयंपाकघरात गेला. फळीवर एक निळा डबा होता. डब्यावर बशी, आणि बशी सरकू नये म्हणून बशीवर एक जुनं कुलूप.

“याचं झाकण कुठाय?”

“हरवलं.”

“कधी?”

“मला काय ठाऊक! झाकणं हरवायचीच. नवरे आणि झाकणं, जागेवर सापडलीत कधी?”

“आणखी किती डबे असे?”

“निम्मे तरी असतील. का? पोलिसांत देताय?”

त्याने तिथेच उभ्या उभ्या लिहिलं, ‘फक्त झाकणं’. तुमच्याकडून तीन अंगठे आले आणि एक रॉकेट.

बाजाराची चाचणी घ्या म्हणालात, म्हणून तो इमारतीत दारोदार फिरला. वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू होत्या. त्या तोंडातली टाचणी न काढता म्हणाल्या, “झाकण नसलेले डबे? ढीग आहेत.” तळमजल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले तिकीट तपासनीस आजोबा होते. ते म्हणाले, “आमच्याकडे पाच. सूनबाईंना विचारलं तर सातसुद्धा निघतील.” एका घराने म्हणून नाही म्हटलं नाही. शंभर टक्के मागणी! मोठमोठ्या कंपन्यांना जे जमत नाही ते त्याने जिना चढता उतरता केलं होतं. झाकण नसलेला डबा आहे का, एवढंच त्याने विचारलं. डबा कोणाचा आहे, हे विचारलं नाही. पण तो प्रश्न तुमच्या धड्यात होता का? नव्हता.

गावाबाहेर एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात साच्याची भानगड झाली होती. डबे वाकडे निघाले ते वितळवले आणि झाकणं मागे उरली. मालकाने चार पोती गाडीत चढवून दिली आणि गाडी सुरू व्हायच्या आत म्हणाला, “परत घेणार नाही हां.” एवढी घाई पाहूनही ज्याला शंका येत नाही, तो माणूस गुरूच्या हाती पूर्ण लागलेला असतो.

वेबसाइट उघडली. पहिल्या आठवड्यात एकही ऑर्डर नाही. दुसऱ्या आठवड्यात एक आली. माप लिहिलं होतं, ‘माझ्या हाताच्या वितीपेक्षा जरा कमी’. कोणाचा हात, कोणाची वीत! त्याने आपल्या वितीने मोजून पाठवलं, ते चौथ्या दिवशी परत आलं. तो सारखा मोबाईल बघायचा. घंटा वाजली की दचकायचा, नाही वाजली तर जास्त दचकायचा. पोती बैठकीच्या खोलीत होती, त्यामुळे पाहुणा आला की त्याला पोत्यावर बसावं लागायचं आणि बसल्यावर खालून कडाकड आवाज यायचा.

“रजा संपत आली ना हो?” बायको विचारायची.

“आली, आली,” तो म्हणायचा आणि पाणी प्यायला जायचा. त्या महिन्यात तो पाणी फार प्यायला.

शेवटी त्याने तुम्हाला कळवळून विचारलं. तुम्ही म्हणालात, ‘ग्राहकाच्या जवळ जा.’ मग त्याने जिन्याखाली कागद लावला: ‘डबा घेऊन या, झाकण बसवून न्या. रविवारी सकाळी.’ ऑनलाइन धंद्याची पहिली जाहिरात भिंतीवर खळीने चिकटवलेली! तो रविवार महिन्याचा शेवटचा दिवस होता. सोमवारी पहिली तारीख. खण उघडणार होता.

रविवारी मात्र रांग लागली, जिन्याच्या वळणापर्यंत. लोकांनी आणलेले डबे त्याने जमिनीवर ओळीने मांडले. पोती उपडी केली आणि गुडघ्यांवर बसून एकेक झाकण लावून बघायला लागला. कुठलं बोटभर मोठं, कुठलं आत पडायचं.

“अहो, दाबा की जरा!” काकू म्हणाल्या.

“दाबतोय.”

“माझ्या आतेबहिणीचा नवरा पायाने दाबायचा.”

“त्याचं दुकान चाललं?”

“बंद पडलं.”

तेवढ्यात काकूंच्या मोठ्या पांढऱ्या डब्यावर एक झाकण बसलं. टप्! असा काही गोड आवाज झाला की सगळ्यांच्या माना वळल्या. मग कोणीतरी टाळी वाजवली. स्टोअरकीपरच्या डोळ्यांत पाणीच आलं. पहिलं गिऱ्हाईक! त्या आनंदाच्या भरात त्याने तुमचा आणखी एक धडा अंमलात आणला: माल नुसता विकू नका, करून दाखवा.

“बघा!” तो ओरडला. “उलटा केला तरी निघत नाही!”

आणि त्याने डबा उलटा केला.

झाकण निघालं नाही. पण डब्याच्या तळावर लाल रंगाची एक बारीक ‘बरोबर’ची खूण होती. तपासनीस आजोबा पोत्यावरून उठले.

“जरा इकडे द्या,” ते म्हणाले. याच आवाजात त्यांनी आयुष्यभर विनातिकीट लोकांना उतरवलं होतं. “ही खूण माझी. मी माझ्या प्रत्येक वस्तूवर करतो. काकू, हा डबा तुमच्याकडे कसा?”

“म्हणजे? मी चोरला?”

“मी एवढंच विचारतोय, कसा?”

“तुमच्या सूनबाईंनी यातून साखर परत केली होती. तिनेच न्यायचा ना मग! आणि तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर डबे कोणी पाठवले? एक तरी परत आला?”

“आजारी माणसाने डबे मोजायचे का?”

“मोजू नका. पण तो बघा, तुमच्या रांगेतला तिसरा! हिरवा! माझा!”

मग जे झालं ते कोणाच्या हातात राहिलं नाही. प्रत्येकाने शेजाऱ्याचा डबा उलटा केला. कोणी चरा ओळखला, कोणी भाजलेला डाग ओळखला. “बाई, बाई, याला तर मी मेला समजत होते!” असं म्हणून एकीने डबा छातीशी धरला. खरी गोम तर पुढेच होती. एकाचंही झाकण हरवलेलं नव्हतं. डबे एकमेकांकडे अडकले होते आणि झाकणं आपापल्या घरी, माळ्यावर, कधीतरी डबा परत येईल या आशेने जपून ठेवलेली होती. माणसं धावत घरी गेली आणि झाकणं घेऊन आली.

टप्. टप्. टप्टप्.

प्रत्येक आवाजासरशी स्टोअरकीपरचं एकेक गिऱ्हाईक मरत होतं. शंभर टक्के मागणी दहा मिनिटांत संपली. आजोबांनी पांढऱ्या डब्यावरचं झाकण काढून त्याच्या हातात दिलं. “हे तुमचं ठेवा. माझं माझ्या घरी आहे.”

“घसा सुकला ओरडून,” असं म्हणत काकू पाणी प्यायला आत गेल्या. आणि आतून हाक आली, “अहो आजोबा, इकडे या! इथे तर भांडारच आहे!”

बायको दारात आडवी उभी राहिली. “आमच्याकडचे सगळे आमचे आहेत.”

“मग हा निळा?” काकूंनी बशी आणि कुलूप बाजूला ठेवून तो उचलला. “याचं झाकण माझ्या शिलाई मशीनच्या खणात आहे. दोरे ठेवते मी त्यात.”

म्हणजे ज्या अडचणीवर हा सगळा डोलारा उभा होता, ती अडचण मुळात त्यांच्या घरची नव्हतीच. वरच्या मजल्याची होती.

एकेक करत फळी रिकामी झाली; झाकण असलेले डबेही झाकणासकट दुसऱ्यांचेच निघाले. पीठ एका वर्तमानपत्रावर ओतलं गेलं, डाळ दुसऱ्यावर, साखर तिसऱ्यावर. शेवटी आजोबांनी एक छोटा चपटा डबा उलटा केला. लाल खूण. तो स्टोअरकीपरचा जेवणाचा डबा होता. कित्येक वर्षं तो आजोबांच्या डब्यातून जेवत होता आणि त्याला पत्ता नव्हता.

लोक गेले. एकमेकांशी हसत गेले, हे विशेष. घरात ही दोघं उरली, आणि झाकणं.

“तुमच्या कोपऱ्यापायी माझी फळी उघडी पाडलीत,” बायको म्हणाली. “चार माणसांत चोर ठरले मी. जाऊ दे. उद्यापासून कामावर जा, म्हणजे सुटेन.”

या वेळी तो पाणी प्यायला उठलाही नाही. तेव्हा तिने त्याच्याकडे नीट पाहिलं.

“अहो. रजाच आहे ना?”

“राजीनामा,” तो झाकणांकडे बघत म्हणाला. “साहेबांच्या खणात आहे. उद्या सकाळी वर जाईल.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने त्याचा मोबाईल उचलला, नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन त्याच्यापुढे धरला. “बोला.”

“साहेब,” तो म्हणाला, “तो कागद...”

“कुठला कागद? अहो, तुम्ही गेल्यापासून मला कारखान्यात एक वॉशर सापडत नाहीये! तुम्ही आलात की तुमच्या देखत त्या कागदाचा बोळा करतो. उद्या वेळेवर या. आणि हो, कॅन्टीन बंद आहे आठवडाभर. डबा घेऊन या.”

फोन बंद झाला. बायकोने डोळे पुसले आणि हसली. महिन्याभराने हसली. मग उठून स्वयंपाकघरात गेली. तो मागून गेला. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरलेली, त्यांवर पिठाचे, डाळीचे, साखरेचे ढीग, आणि मुंग्या लागू नयेत म्हणून तिने साखरेच्या ढिगावर पोत्यातलं एक मोठं झाकण ठेवलं होतं. ते व्यवस्थित बसलं होतं. रिकाम्या फळीवर एक बशी होती आणि एक कुलूप. तेवढंच त्यांचं स्वतःचं निघालं होतं.

त्याने तुम्हाला सगळं सविस्तर लिहून पाठवलं. तुमचं उत्तर क्षणात आलं, ‘अभिनंदन! तुम्ही पहिला टप्पा पार केलात. दुसऱ्या टप्प्यासाठी आजच नाव नोंदवा.’

दुसरा टप्पा राहू द्या. हाताची घडी सोडा आणि सरळ उत्तर द्या. घरात चार पोती झाकणं आहेत आणि डबा एकही नाही. उद्या सकाळी हा माणूस जेवण कशात नेणार? बोला!