बोटभर माया

विठोजी अण्णांना माणसाचा चेहरा दिसत नसे, कापड दिसे. बसवनगुडीत मी त्यांच्या शेजारी बिऱ्हाड केलं, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या कपाळाकडे बघून निदान केलं, "मास्तर, कापड चांगलंय, घडी चुकीची पडलीय. वाचणं स्वल्प कमी करा." समोरचे वकील म्हणजे पहिल्या धुण्यात आटलेलं कापड. घरमालकिणीची हनुवटी म्हणजे दुमडायची राहून गेलेली किनार. हे ते तोंडावर सांगत आणि वर म्हणत, "रागवू नका, इस्त्रीने जाईल."

अण्णा शिंपी. घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आलेलं. घरात मराठी, दुकानात कन्नड आणि शिव्या दोन्हीकडे मराठीत.

साठी उलटल्यावर अण्णांनी स्वतःचा चेहरा आल्टर करायचं ठरवलं. गल्ली हसली. मला हसता आलं नाही, कारण त्यामागचं दुखणं मला ठाऊक होतं. त्यांच्या पत्नी गोदाक्का मोठ्या तापातून उठल्या त्या चाळीस वर्षं मागे जाऊन. भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोतला तरतरीत नवरा त्यांना ओळखू येई, समोरचा येत नसे. वयाने अण्णांचं तोंड हुबेहूब त्यांच्या वडिलांसारखं झालं होतं. त्यामुळे घरात वावरतात ते मामंजी, आपले सासरे, आणि नवरा परगावी गेलाय, असं अक्कांनी ठरवून टाकलं. अण्णा आत आले की त्या डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहत आणि दाराआडून बोलत.

"जी बाई चाळीस वर्षं 'अहो, ऐकू येतं का' म्हणून माझ्यावर ओरडली, ती आता वाकून नमस्कार करते," अण्णा म्हणाले. "मास्तर, हे सोसत नाही. मला तो फोटोतला चेहरा पाहिजे."

कँटोन्मेंटात एक डॉक्टर होते. युद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे चेहरे त्यांनी नीट केले होते, आता हौशी लोकांचेही करत. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, म्हणून दुभाष्या म्हणून गेलो.

डॉक्टरांनी सगळं समजावलं. कानापुढून कानामागे चीर देणार, कातडी सोडवून वर मागे ओढणार, जास्तीची कापून टाके घालणार. डोक्याभोवती पट्ट्या. दोनतीन आठवडे सूज, तोंड काळंनिळं. गाल काही महिने बधिर. काही दिवस पान खायचं नाही, फार हसायचंही नाही.

"हसण्याचं सोडा," अण्णा म्हणाले. "गिऱ्हाइकांपुढे मी हसतच नाही. टाके कानामागे, हे सरी, बरोबर. शिवण आतल्या बाजूला पाहिजे. किती टिकतं?"

"सातआठ वर्षं. वय थांबत नाही."

"आमचे कोट जास्त टिकतात. बरं, त्यांना विचारा, माया किती ठेवता?"

मी जरा गडबडलो. पण आजारी माणसाला असं वाटू शकतं, असा विचार करून मी डॉक्टरांना इंग्रजीत विचारलं, की रुग्णांबद्दल आपल्याला कितपत प्रेम वाटतं?

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला. "घरच्या माणसाइतकं," ते हळू आवाजात म्हणाले.

मी ते सांगितलं. "तसं मोघम नको," अण्णा म्हणाले. "बोटभर तरी पाहिजे. मी दोन बोटं ठेवतो."

शिवणीच्या आत जास्तीचं सोडलेलं कापड, उद्या उसवून सैल करता यावं म्हणून ठेवलेलं, त्यालाही माया म्हणतात हे मला इतकी पुस्तकं वाचून माहीत नव्हतं. उलगडा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, जास्तीची कातडी आम्ही टाकून देतो. अण्णांना हे शिंप्याचं काम वाटलं नाही. तरी त्यांनी सोमवार ठरवला.

तोवर आरशासमोर तालीम चालली. दोन्ही गाल कानांकडे ओढून त्यांनी मला विचारलं, "फोटोसारखा दिसतो का?"

"उलट्या वाऱ्यात सायकल चालवणाऱ्यासारखे दिसता," मी म्हणालो.

"सूज उतरल्यावर दिसेन."

सोमवारी सकाळी घोड्याचा जटका दारात उभा राहिला. अण्णा बाहेर येईनात, म्हणून मी आत गेलो. ते पिशवी मांडीवर घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसले होते. दाराआडून अक्का बोलत होत्या.

"मामंजी, तुमच्या मुलाला सांगू नका हं. बोलायला जरा तुसडे आहेत, पण पहिल्या दिवाळीच्या लुगड्याला ह्यांनी आतल्या बाजूने माझं नाव शिवलं, कुणाला दिसू नये असं. मी ते लुगडं धुताना अजून हात फिरवून बघते."

अण्णांनी मला हाताने गप्प राहायला सांगितलं. बऱ्याच वेळाने बाहेर आले.

"जटका परत पाठवा."

"का हो?"

"हे तिने नवऱ्याला चाळीस वर्षांत सांगितलं नाही. सासऱ्याला सांगते. चेहरा ओढला की मामंजी गेले, आणि 'ऐकू येतं का' परत सुरू." मग पिशवीतून पानाचा डबा काढून म्हणाले, "आणि पानही सोडायचं. सांगितलंय कुणी?"

त्यानंतर सहा वर्षं ते सासरे म्हणून सुखाने राहिले. गेल्या महिन्यात गेले. अक्कांचं कुंकू पुसायला आलेल्या बायका दारातच थबकल्या. अक्का डोक्यावर पदर घेऊन, नीट कुंकू लावून सासऱ्यांसाठी रडत होत्या.

काल त्यांनी मला बोलावलं. "मास्तर, मामंजी गेले ते ह्यांना कळवायला पाहिजे. मी सांगते, तुम्ही लिहा."

मी कागद घेतला. पत्ता विचारला नाही.

"लिहा, मामंजींनी मला फार माया लावली," अक्का म्हणाल्या. "खाली जागा सोडा स्वल्प. अजून काही आठवलं तर."

मी बोटभर जागा सोडली.