दामलेकाकांचं दार

दामलेकाकांची बेल वाजवली की दार चार बोटं उघडतं आणि साखळीमागून प्रश्न येतो, "वॉरंट आहे का?" मग तुम्ही हातात पुरणपोळ्या घेऊन का उभे असेनात! "नाही" म्हटलं की साखळी निघते, पण "या" असं काही ते म्हणत नाहीत. आपलं आपण आत शिरायचं.

आयर्लंडमधल्या ड्रोहेडात त्यांचं घर आमच्या भिंतीला लागून. औषधांच्या कारखान्यात गोळ्या तपासण्यात हयात गेली, लग्न केलं नाही. रोज दुपारी गावाकडून थोरल्या भावाचा, अण्णांचा, फोन येतो. तेवढं सोडलं तर घरात आवाज नाही. वरच्या खोलीत भाडेकरू आहे, इथल्या हॉस्पिटलमधला डॉक्टर नीलेश. त्याला काका आमटीबरोबर कायदाही वाढतात. "अटक करायची तर कारण सांगावंच लागतं, बरं का!" नीलेश "हो काका" म्हणत भात कालवतो. आम्हाला सगळी गंमतच वाटायची.

गेल्या शनिवारी दुपारी मी मिक्सर परत द्यायला गेले आणि आत शिरून दारापाशीच गप्पा मारत उभी राहिले. तेवढ्यात बेल वाजली. मीच दार उघडलं. समोर दोन गार्ड, म्हणजे इथले पोलीस. आदल्या संध्याकाळी मागच्या रस्त्यावर मारामारी झाली होती आणि कॅमेऱ्यात दिसलेला माणूस नीलेशसारखा वाटत होता. "आत येऊन त्याची खोली बघितली तर चालेल ना? दोनच मिनिटं, ग्रँड?" इथे 'ठीक आहे'लाही ग्रँडच म्हणतात.

आल्या माणसाला उंबऱ्यात उभं ठेवायची आपल्याला कुठे सवय असते? माझ्या तोंडून निघालंच, "कम इन, कम इन! टी घेणार?"

"नो!" काका ओरडले. मला बाजूला सारून ते दारात आडवे उभे राहिले. "त्या पाहुण्या आहेत. घर माझं आहे आणि माझी संमती नाही. वॉरंट आहे का?"

गार्डचं हसू मावळलं. "लपवण्यासारखं काही आहे का?"

जिन्यात नीलेश पांढराफटक पडला होता. त्याच्या इथे काम करायच्या परमिटचं नूतनीकरण व्हायचं होतं. नावाला जरा डाग लागला तर सामान बांधून परत. हा म्हातारा कायदा शिकवता शिकवता पोराचं वाटोळं करणार, असं वाटून मला त्यांचा भयंकर राग आला.

"अटक करायला आलात?" काकांनी विचारलं. "तर कारण सांगा, मी अडवत नाही."

"नाही, नुसतं बोलायचंय."

"मग इथेच बोला. त्याला बोलायचं असेल तर तो बोलेल."

नीलेश खाली आला. संध्याकाळभर तो वॉर्डात ड्यूटीवर होता. गार्डने तिथल्या तिथे फोन लावला, सिस्टरने हो म्हटलं. "फेअर प्ले टू यू," अशी काकांना शाबासकी देऊन दोघे निघून गेले.

काकांनी साखळी लावली आणि ते जिन्याच्या पायरीवरच बसले.

"अण्णाच्या वेळी दार मी उघडलं होतं," ते म्हणाले. "शाळेत होतो. पोलिसांना म्हटलं, या, बसा, आई चहा टाकतेय. चहा पिऊन ते अण्णाला घेऊन गेले. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. माणूस चुकीचा निघाला म्हणून सोडून दिलं. पण घरी आला तो आमचा अण्णा नव्हताच."

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर पांढऱ्या खुंटांचा एक चेहरा आला. कसा आहेस नाही, जेवलास का नाही.

"शऱ्या, कडी लावलीस का रे?"

"लावली, अण्णा." काकांनी बाहीने डोळे पुसले. "आज कुणाला आत घेतलं नाही."