सासऱ्याचा पिठाचा डबा

गंज दिसला की माझे हात शिवशिवतात. सगळी नोकरी बसगाड्यांच्या पोटाखाली उताणा पडून झाली, त्याला मी तरी काय करणार? (शाळा चौथीतच सुटली. मास्तरांनी तेव्हा टाकलेला सुस्कारा शेजारच्या वर्गात ऐकू गेला म्हणतात.) तर त्या दुपारी स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या पिठाच्या डब्यावर मला गंजाचा डाग दिसला. मोठा नव्हे, अंगठ्याच्या नखाएवढा. म्हटलं, एवढा तेवढा काढून टाकू. चुटकीसरशी होणारं काम.

माझी आजवरची सगळी वाटोळी चुटकीसरशीच झालेली आहेत.

कारण डबा साधा नव्हता, डबा माझ्या सासऱ्याचा होता. म्हातारा जाऊन जमाना झाला, पण आमच्या घरात त्याचा शब्द माझ्यापेक्षा जास्त चालतो. तो पत्र्याची खेळणी बनवणाऱ्या कारखान्यात चित्रं काढायचा. किल्लीच्या मोटारी, दाणे टिपणारी कोंबडी, ढोल बडवणारा शिपाई, सगळ्यांची तोंडं त्याच्या हातची. आधी सपाट पत्र्यावर चित्र छापायचं, मग पत्रा कापायचा, वाकवायचा, कडा दुमडायच्या, की झाली कोंबडी. पुढे कारखान्याचे दिवस फिरले. खेळणी बंद पडली आणि मालकानं त्याच यंत्रांवर स्वयंपाकघरातले डबे काढायला सुरुवात केली. पिठाचा, साखरेचा, चहाचा, शिवाय पीठ चाळायची हँडलची चाळणी. सगळ्यांवर पांढऱ्या रंगावर निळी फुलं. तीही सासऱ्याचीच.

पण हात पडले खेळणीवाल्यांचे. त्यामुळे आमचा साखरेचा डबा मोटारीच्या दारासारखा टक् करून उघडतो. चाळणी फिरवली की कोंबडीसारखी कटकट करते. आणि चहाच्या डब्याचं झाकण ढोलासारखं ताणून बसवलेलं आहे. सकाळी ते निघेपर्यंत माणूस इतका जागा होतो की चहाची गरजच उरत नाही.

आता झालं होतं काय, की संग्रहालयात त्या जुन्या कारखान्याचं एक दालन निघणार होतं. मालकाचा फोटो, मालकाची खुर्ची, मालकाची टोपीसुद्धा काचेत. आणि चित्रं ज्यानं काढली त्याचं नाव कुठेच नाही! बायकोला हे कळल्यापासून तिला अन्न गोड लागेना. तिनं संग्रहालयात इतक्या खेपा घातल्या, की तिथला पहारेकरी तिच्याकडे आमच्या गुडघेदुखीची चौकशी करायला लागला. शेवटी तिथल्या बाई म्हणाल्या, "तुमच्या वडिलांच्या फुलांचा एखादा डबा दाखवा. चित्र शाबूत असलं तर काचेत ठेवू आणि खाली त्यांचं नाव लिहू."

चित्र शाबूत असलेला आमच्याकडे एकच, हा पिठाचा. बाकीच्यांची फुलं रोजच्या वापरानं उडाली होती. हा मात्र बायकोनं घरात आल्यापासून कुणाला घासू दिला नव्हता. तान्ह्या पोराचं तोंड पुसावं तसा ओल्या फडक्यानं टिपायची.

तर त्या दुपारी संग्रहालयवाल्या बाई डबा बघायला येणार होत्या, आणि बायको त्यांना आणायला बस स्टॉपवर निघाली होती.

"अहो, मी नसताना डब्याला हात लावायचा नाही," ती चपला घालताना म्हणाली.

"मी कशाला लावतोय?"

"तुम्ही मघापासून त्याच्याकडे बघताय."

"आता बघायचंही नाही?"

"नाही! तुमचं बघणं मला माहीत आहे. मिक्सरकडे बघितलंत, तो गेला. नळाकडे बघितलंत, तर पार खालच्या मजल्यावर पाणी."

ती गेली. मी आणि डबा, दोघंच घरात. मी खिडकीबाहेर बघितलं. पेपर उघडला. पेपरातसुद्धा मला गंजच दिसायला लागला. मनात आलं, बाई एवढ्या लांबून येणार, आणि आल्या आल्या त्यांना हा डाग दिसणार. म्हणतील, घरात धडधाकट पुरुष असून ही अवस्था! म्हणजे अब्रू सासऱ्याचीच जाणार. थोडक्यात, मी जे केलं ते त्याच्यासाठीच केलं.

अर्धं लिंबू, चिमूटभर मीठ आणि तारेची घासणी. डाग गेला. अगदी स्वच्छ गेला. मात्र जाताना एक निळी पाकळी सोबत घेऊन गेला.

इथं थांबायला हवं होतं. पण गाडीच्या पत्र्याचा एक नियम आहे. एका जागी घासलं तर कडेनंही गोल गोल घासत जायचं, म्हणजे ठिगळ कळत नाही. जन्मभर मी असंच केलं आणि एकाही बसनं तक्रार केली नाही. मी घासत गेलो. दुसरी पाकळी गेली, देठ गेला, शेजारचं अख्खं फूल गेलं. बशीएवढी जागा मोकळी झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की गाडीवर पुढे नवा रंग मारायचा असतो, इथं मारायचा नाहीये.

कपाळावर घाम आला. आणि तो पुसून बघतो तर काय, डब्यातून एक डोळा माझ्याकडे बघत होता.

खोटं सांगत नाही. फुलांच्या खालून, पांढऱ्या रंगाच्या फटीतून, एक वटारलेला डोळा. वर भुवई. मी डबा ठेवला, लांब गेलो, पुन्हा आलो. डोळा होताच. सासरा जिवंत असताना माझ्याकडे असाच बघायचा. (मी भुतांना घाबरत नाही. पण सासऱ्याच्या भुताची गोष्ट वेगळी. त्याच्यापुढे उलट बोलता येत नाही.)

डबा फिरवून ठेवावा म्हटलं, तर मागच्या बाजूला नुसता सांधा, फूल एकही नाही. मग मी धावत शेजारच्या पेंटरकडे गेलो. हा पेंटर विजेच्या खांबांवरच्या 'धोका'च्या पाट्या रंगवण्यात म्हातारा झाला. पण ब्रश धरता येणारा दुसरा माणूस आमच्या जिन्यात नव्हता.

"फूल काढता येईल का?" मी धापा टाकत विचारलं.

"बघू की. कवटी येते, म्हणजे फूल येईलच. दोन्ही गोलच."

"रंग निळा पाहिजे."

"निळा नाही. लाल आहे, काळा आहे, पांढरा आहे. काळ्यात पांढरा कालवतो. लांबून निळा वाटेल."

"किती लांबून?"

"समोरच्या बिल्डिंगमधून वाटेल."

बुडत्याला काडीचा आधार, त्यात काडीचा रंग कोण बघतो? त्याला ओढत घरी आणला. त्यानं डब्याकडे बघितलं आणि एक पाऊल मागे गेला.

"मेकॅनिक, हा कोण?"

"कुणी नाही. त्याच्यावर फूल काढ."

"हा माझ्याकडे बघतोय."

"तू त्याच्याकडे बघू नको!"

त्यानं आधी पांढरा थर दिला आणि वर फूल काढलं. मी देवाची आठवण करत दारात पहारा देत होतो. आत येऊन बघतो तर फुलाला पाकळ्या होत्या, नाही असं नाही. पण मधोमध दोन काळी भोकं होती आणि खाली दातांची रांग.

"अरे, ही कवटी आहे!"

"हाताला सवय आहे रे," पेंटर ओशाळून म्हणाला. "हाडं नाही काढली, एवढं बघ की."

तेवढ्यात जिन्यात बायकोचा आवाज आला. मी लिंबाची साल आणि घासणी घाईघाईनं बादलीमागे लोटली.

बाई आत आल्या. चष्मा, खांद्याला पिशवी, बोलणं अगदी मऊ. बायकोनं त्यांना खुर्ची दिली. पेंटर ब्रश पाठीमागे लपवून भिंतीला चिकटून उभा राहिला. बायकोनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. आमच्या संसारात जी संकटं आली, ती सगळी अशीच न बोलता आली आहेत.

"बाई, आधी हा साखरेचा डबा बघा," मी पुढे सरसावलो. "कसा टक् वाजतो ऐका. ही चाळणी फिरवून बघा. चहाचं झाकण उघडून बघा!" (त्यात निदान अर्धा तास गेला असता.)

"हो आजोबा, बघते. आधी तो पिठाचा बघू या?"

"त्याच्यात पीठ आहे."

"पिठाच्या डब्यात पीठच असतं," बायको म्हणाली. आवाज थंड.

बाईंनी दोन्ही हातांनी डबा उचलला, उजेडात धरला आणि मग हळूच हात सोडवायला गेल्या. हात सुटेनात. सुटले तेव्हा एका तळव्यावर अर्धी कवटी आली होती.

"हा रंग ओला आहे," बाई म्हणाल्या.

"हवा दमट आहे," मी म्हटलं.

"अहो." बायको एवढंच म्हणाली आणि खाली बसली. खुर्चीवर नाही, जमिनीवर. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भांडली असती तर मी उलट भांडलो असतो, तेवढी सवय आहे. पण ती हलकेच म्हणाली, "बाबांचं नाव लागलं असतं हो." मला वाटलं, आपण एखाद्या बसखाली जावं. दुरुस्तीसाठी नव्हे, असंच.

बाईंनी पेंटरकडून टर्पेंटाइन मागून घेतलं आणि पिशवीतून कापूस काढला. बिचाऱ्या हळूहळू टिपायला लागल्या. पेंटरचं फूल गेलं. मी लिंबानं सैल केलेला आजूबाजूचा पांढरा रंगही सुटत गेला. डोळा आला. दुसरा डोळा आला. चपटं नाक आलं, फुगवलेले गाल आले, दोन्हीकडे सुपासारखे कान आले.

"अगंबाई!" बाई ओरडल्या. "माकड!"

सगळे जागच्या जागी थिजले. बाईंचा मात्र चेहरा असा फुलला, की मला वाटलं टर्पेंटाइन डोक्यात गेलं.

"आजी, हे काय आहे माहीत आहे का? कारखान्याचं शेवटचं खेळणं! कोलांट्या मारणारं माकड. आमच्या संग्रहालयात आजवर एका चहाच्या डब्यावरची नुसती शेपटी होती. तोंड कुणी बघितलेलंच नाही!"

मग त्यांनी सांगितलं. मालकानं या माकडावर सगळी भिस्त ठेवली होती. पत्र्यांचे ढीगच्या ढीग छापून घेतले. पण माकड दुकानात गेलं आणि पोरांनी हाय खाल्ली. किल्ली द्यायची, ते कोलांटी मारून समोर तोंड करायचं, की पोरं भोकाड पसरून आईकडे पळायची. एकही खपेना. शेवटी उरलेल्या पत्र्यांवर पांढरा रंग देऊन वर फुलं छापली आणि त्यांचे डबे केले. लोकांना डबे आवडले. तेव्हापासून खेळणी कायमची बंद.

"म्हणजे एका माकडाच्या तोंडानं खेळण्यांचा अख्खा कारखाना बुडवला," मी म्हणालो. मला सासऱ्याची खोडी काढायची संधी मिळाली होती, ती मी कशी सोडीन? "काय ते थोबाड! असलं काढताना म्हाताऱ्याला काही वाटलं नाही?"

बाई डब्याकडे बघत होत्या. मग माझ्याकडे बघायला लागल्या. पुन्हा डब्याकडे. पेंटर भिंत सोडून पुढे आला, त्यानं मान तिरकी केली.

"मेकॅनिक," तो म्हणाला, "हा तर तू आहेस."

"काहीतरी बरळू नको!"

"आता बघ, आता अगदी हुबेहूब. भुवईसुद्धा तीच वर गेली."

मी बायकोकडे बघितलं. ती मघाशी रडत होती. आता तोंडावर हात दाबून गदागदा हलत होती.

"लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा आमच्या घरी आलात," ती कशीबशी म्हणाली, "चहा गार होता म्हणून तोंड फुगवून बसलात. बाबा समोर बसून कागदावर काहीतरी खरडत होते, आठवतं?"

"मला वाटलं, सामानाची यादी करतायत."

"यादी नव्हती ती."

"तुला माहीत होतं? एवढी वर्षं?"

"बाबांनीच सांगितलं होतं डबा देताना. म्हणाले, हा डबा कधी घासू नकोस. फुलांखाली जावई आहेत. दिसले तर त्यांना वाईट वाटेल."

मी खुर्चीत बसलो. म्हातारा तसा वाईट नव्हता. (पण कान एवढे मोठे काढायची गरज नव्हती.)

बाईंनी डबा गुंडाळायला कापड काढलं. म्हणाल्या, अर्धी फुलं आणि अर्धं माकड, दोन्ही एकाच माणसाच्या हातचं, असा डबा दुसरा कुठे मिळायचा नाही. मालकाची टोपी हलवून तिथं मधोमध हाच ठेवू. खाली मोठ्या अक्षरांत आजींच्या वडिलांचं नाव. बायकोनं बाईंचे हात धरले ते सोडेचना.

सगळा आनंदीआनंद चाललेला बघून माझ्याही मनानं उचल खाल्ली. शेवटी घासलं कुणी? आणि तोंड कुणाचं? मी घसा खाकरला.

"बाई, त्या पाटीवर वडिलांच्या खाली थोडी जागा उरत असेल, तर माझंही नाव..."

बाई जरा घोटाळल्या. त्यांनी बायकोकडे बघितलं.

बायको उठली. पिठाला दुसरं भांडं शोधत म्हणाली, "अहो, नाव चित्र काढणाऱ्याचं लिहितात. माकडाचं नाही."